परत घेतलेलं वाण

राग माणसाला येतो आणि जातो, असं म्हणतात. सुभद्राकाकूंचा राग कुठं जात नसे. तो त्यांच्याकडे कायमचा मुक्कामाला होता. सकाळी त्यांच्या आधी उठायचा, अंगण झाडायचा आणि मग त्यांना उठवायचा.

मी मूळचा नांदेडचा. पाटबंधारे खात्यानं मला उचलून लातूरला टाकलं आणि लातूरनं काकूंच्या शेजारी. दोन घरांत मिळून भिंत एकच. माझ्या बाजूनं त्या भिंतीला गिलावा टिकत नसे. गवंडी म्हणाला, ओल आहे. लातुरात ओल? आमच्या गल्लीत उन्हाळ्यात माणूस रडतानासुद्धा खाली वाटी धरतो. गिलावा पडायचा तो काकूंच्या आवाजानं. त्या सकाळी न्हाणीतून वरच्या पोरींना हाक मारत, तेव्हा गंजगोलाईच्या बाजारातली कबुतरं उडून औशाच्या रस्त्याला लागत. मी स्वतः पाहिलंय. म्हणजे कबुतरं पाहिलीत. ती औशालाच गेली याला पुरावा नाही.

वरच्या मजल्यावर त्यांनी खोल्या केल्या होत्या. ट्यूशनला आलेल्या पोरी तिथं राहत. लातुरात आता शेतापेक्षा ट्यूशनचं पीक दांडगं. काकू कुठल्याही पोरीला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए निलंगा, लाइट बंद कर. ए देगलूर, केस गच्चीवर विंचर." एकदा निलंग्याहून दोघी आल्या, तर काकूंनी एकीला थेट सांगितलं की तुझं आजोळ कुठलं ते सांग, मी त्याच नावानं बोलावणार. ती पोरगी वर्षभर उदगीर म्हणून राहिली. उदगीर हे काकूंचं माहेर, म्हणून तिला भाजी जरा जास्त वाढली जायची असा इतर गावांचा आरोप होता.

त्यांना कुणी म्हटलं, काकू चिडू नका, तर उत्तर ठरलेलं. "मी चिडत न्हाई. मी सांगायलेय." आणि खरोखर चिडल्या की माहेरचं सीमेवरचं कानडी बाहेर पडायचं. त्यातला 'हुच्च' म्हणजे येडा एवढा एकच शब्द आम्हाला कळत होता, आणि तो बहुतेक आम्हालाच उद्देशून असे.

पाण्याच्या बाबतीत तर त्या किल्लेदार. टाकीच्या झाकणाला कुलूप, मोटारीच्या बटणाला कुलूप, अंगणातल्या नळाला साखळी आणि साखळीला कुलूप. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असा, की त्या बसल्या तरी घुंगरं वाजल्यासारखं व्हायचं. टँकर आला की ड्रायव्हरला खाली उतरवून त्याच्याच टँकरमधलं पाणी तांब्याभर त्यालाच प्यायला लावत. "आधी तू पी. तू जगलास तर आम्ही घेतो." एक ड्रायव्हर बिचारा काकूंच्या धाकानं इतकं प्यायला, की म्हणे पुढच्या गल्लीत टँकर निम्माच पोचला. अशी ही बाई. पाण्याचा थेंब सुटू द्यायची नाही. आणि हिनं इंटरनेट मात्र गावाला वाटलं. ते कसं वाटलं, ती गोष्ट सांगायलाच मी बसलोय, आणि सांगताना माझंही डोकं अजून तापतं.

वायफाय घेतलं पोरींसाठी. ट्यूशनच्या परीक्षा फोनवर व्हायला लागल्या होत्या. केबलवाला डबा घेऊन आला, भिंतीला ठोकला, दिवे लुकलुकले. काकूंनी विचारलं, हे हवेतनं जातंय म्हन्तोस, तर भिंतीभाईर बी जातं काय? तो म्हणाला, जातं की, समोरच्या घरापर्यंत आरामात जाईल. काकूंनी डब्याला एक बोट लावून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ते वाया चाललंय."

लातूरच्या बाईला वाया हा शब्द सहन होत नाही. पाणी दिलं तर टाकी खाली होते, हे दिलं तर काय कमी होतं, हा त्यांचा सरळ हिशेब. केबलवाल्यानं पासवर्ड टाकला घराचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. वायफायचं नावही तेच, सुभद्रा निवास. डब्याच्या आत जायला म्हणून जो वेगळा कारखान्याचा पासवर्ड असतो, तो त्यानं तसाच ठेवला. म्हणाला, त्याला कशाला हात लावायचा. अशा माणसाला तुम्ही घराचं दार बसवायला सांगा, तो कडी बाहेरून लावून जाईल.

आता वाणाचं सांगतो. काका जाऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. संक्रांत आली तसं काकूंनी ठरवलं, हळदीकुंकू करायचं. विधवेनं हळदीकुंकू करायचं म्हटल्यावर आमच्या कॉलनीतल्या बायकांचे गुडघे एकाच दिवशी दुखायला लागले. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं पोर तापलं. समोरच्या चेअरमनबाईंनी तर भांडेवालीकडून निरोप पाठवला की आमच्यात चालत नाही. हे चेअरमन म्हणजे कॉलनीच्या सोसायटीचे. खतबियाणांची एजन्सी, दारात मोठी गाडी, आणि वाढदिवसाला चौकात स्वतःचा फ्लेक्स. बाई मात्र गरीब स्वभावाच्या. तो निरोप त्यांचा नव्हता, घरातल्या पुरुषाचा होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

काकूंनी केलेले तिळाचे लाडू तसेच राहिले. वरच्या पोरींना ते पाडव्यापर्यंत खावे लागले. देगलूरची एक दाढ त्यात गेली. 

पुढच्या वर्षी त्यांनी गल्लीत निरोप फिरवला. यंदा वाण म्हणून वायफाय आहे.

चहा उकळायच्या आत गेटपाशी रांग लागली. ज्यांच्यात चालत नव्हतं त्यांच्यात चालायला लागलं. ज्यांचे गुडघे दुखत होते त्या पायऱ्या दोन-दोन करून चढल्या. सौभाग्याचं जे व्हायचं ते होवो, महिन्याचा डेटा वाचतोय. काकूंनी छोट्या पाकिटांत चिठ्ठ्या केल्या होत्या, चिठ्ठीवर वायफायचं नाव आणि पासवर्ड, पाकिटावर हळदीचं बोट. आणि कुंकू त्यांनी स्वतःच्या हातानं प्रत्येकीला लावलं. लावलं कसलं, शिक्का मारला. माझी बायको घरी आली तर कपाळ चोळत होती. म्हणाली, काकूंचा अंगठा होता का खिळा होता कुणास ठाऊक. चेअरमनबाईसुद्धा आल्या होत्या. त्यांच्या घरी स्वतःची लाइन होती, काकूंच्यापेक्षा वेगवान. तरी वाणाला नाही म्हणायचं नसतं.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीतले पुरुष संध्याकाळी खुर्च्या काढून काकूंच्या कंपाउंडच्या बाजूला सरकवून बसायला लागले. लग्नातले व्हिडिओ, क्रिकेट, कुणाचं भजन, सगळं काकूंच्या डब्यातून. काकू गच्चीवरून खाली बघत आणि त्यांच्या तोंडावर जे काही दिसे त्याला हसू म्हणता आलं असतं, पण म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

त्याच वर्षी अर्धापूर आली. प्रणिता तिचं नाव. बारावी होऊन डॉक्टरकीच्या परीक्षेची दुसरी फेरी द्यायला आलेली. लातुरात अशा पोरांना रिपीटर म्हणतात. वडील माधवराव, केळीच्या बागा, सभ्य आणि भित्रा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी काकूंच्या ओसरीत केळीचा घड ठेवला आणि हात जोडून म्हणाले, पोरगी तुमच्या पदरात टाकली. काकू म्हणाल्या, पदरात टाकू नका, खोलीत टाका, पदरात मला कामं असतात. पोरगी हसली. काकूंना हसणारी माणसं आवडत नसत, पण हिला त्यांनी माफ केलं. चेअरमनचा रोहित त्याच ट्यूशनला, त्याच रिपीटर बॅचमध्ये. पहिल्या दोन परीक्षांत अर्धापूर त्याच्या वर आली. चेअरमननं तोवर पोराच्या नावाचा 'भावी डॉक्टर' असा फ्लेक्स लावून टाकला होता.

आणि मग एका दुपारी प्रणिता ट्यूशनवरून अर्ध्यातनं परत आली आणि जिन्यावरच बसून राहिली.

कुणीतरी तिच्या नावानं खोटं खातं उघडलं होतं. तिचाच फोटो, ट्यूशनच्या ओळखपत्रावरचा, आणि खाली असलं काही लिहिलेलं की मी ते इथं लिहीत नाही. ज्यानं लिहिलं त्याचे हात झडोत. ट्यूशनमधल्या प्रत्येक पोरापर्यंत ते गेलं होतं. अर्धापुरातसुद्धा पोचलं.

काकूंनी तिला हाताला धरून पोलिसांकडे नेलं. तक्रार झाली. काही दिवसांनी सायबरचे दोन पोलीस चौकशीला आले, आणि ते आले थेट काकूंच्या दारात. ते खातं ज्या इंटरनेटवरून उघडलं होतं ते कनेक्शन सुभद्राकाकूंच्या नावावर निघालं.

मी तेव्हा ऑफिसातून आलो होतो, गेटाशी गर्दी बघून थांबलो. पोलीस विचारत होता, हा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे. काकू म्हणाल्या, समद्या गल्लीकडे. पोलिसानं विचारलं, कसा गेला. काकू म्हणाल्या, संक्रांतीला वाण दिलं. दुसरा पोलीस हसला. मग पहिलाही हसला. आजवर काकूंच्या अंगणात उभं राहून काकूंनाच कुणी हसलेलं मी पाहिलं नव्हतं. पहिला मात्र जरा जाणता होता. म्हणाला, "मावशी, चोर तुमच्या घरात शिरला असता तर तुम्हाला कळलं असतं. हा तुमच्या घरातून दुसऱ्याच्या घरात शिरला, आणि पावलं तुमच्या दारातली उमटली."

मग ते घरोघर गेले. आणि आता ऐका. ज्या गल्लीत संध्याकाळी खुर्च्यांना जागा मिळत नव्हती, त्या गल्लीत कुणीच ते वायफाय कधी वापरलं नव्हतं. आम्ही? नाही बुवा. असलं वाण आम्ही घेतलंच नाही. आमचा फोन साधा आहे. एकानं सांगितलं की आम्ही माळकरी आहोत, आम्ही असलं काही वापरत नाही. त्याच्या हातातल्या फोनवर त्या घटकेला काकूंच्या वायफायवर कीर्तन चालू होतं.

याचा अर्थ काय झाला, बघा. वापरणाऱ्या उरल्या कोण? वरच्या पोरी. आणि ज्या पोरीच्या नावानं खातं, ती त्याच घरात राहणारी. कॉलनीनं दोन दिवसांत निकाल दिला. पोरीनंच केलं असणार. नाव व्हायला पाहिजे म्हणून करतात हल्ली. चेअरमन पानटपरीवर उभं राहून म्हणत होते, असल्या मुली ठेवल्या की कॉलनीचं नाव खराब होतं, सोसायटीनं विचार केला पाहिजे. मी हे माझ्या कानांनी ऐकलं. पानाची पिंक टाकायला त्यांनी तोंड बाजूला केलं, तेवढाच काय तो त्यांनी लातूरवर केलेला उपकार.

माधवरावांचा फोन आला. रविवारी येतो, सामान बांधून ठेव.

प्रणितानं सामान बांधायला घेतलं. काकू वर गेल्या आणि तिच्या बॅगेवर बसल्या. बसूनच म्हणाल्या, हे डबडं बंद कसं करायचं ते आधी सांग. पोरगी रडत रडत सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिचं रडणं थांबलं, कारण काकू एकेका गोष्टीवर इतक्या भांडत होत्या की रडायला सवड नव्हती. डब्याच्या आत जायचा कारखान्याचा पासवर्ड तसाच आहे हे ऐकून त्यांनी केबलवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. कुणीही आत येऊन तुमचंच कुलूप बदलून तुम्हालाच बाहेर ठेवू शकतं, असं ती म्हणाली. तो पासवर्ड बदलला. वायफायला स्वतःचं नाव देऊ नये, म्हणजे दारावर पाटी लावून चोराला बोलावण्यासारखं आहे, हे काकूंना पटलं. डब्यावरचं ते बटण, जे दाबलं की पासवर्डाशिवाय फोन जोडला जातो, तेही आतून बंद केलं. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करता येतं, ते आपल्या घरातल्या गोष्टींपर्यंत पोचत नाही, असं तिनं सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "म्हंजी पावन्याला ओसरीत पानी, सैपाकघरात न्हाई. हे त्या केबलवाल्याला सुचू नये व्हय?"

नवा पासवर्ड लांब हवा, कुणाला सुचणार नाही असा, पण तुम्हाला विसरता येणार नाही असा. काकूंनी त्यांच्या आईची एक कानडी शिवी सांगितली, चांगली ओळभर. प्रणिता म्हणाली, हा तर फोडायला जन्म जाईल. ती शिवी मला माहीत आहे. भिंत पातळ आहे. पण तो पासवर्ड काकूंनी अजून बदलला नसल्यामुळे मी छापत नाही.

सगळं तयार झालं, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं. दाबलं की गल्लीतले सगळे फोन तुटले असते. आणि इथं काकू अडल्या. म्हणाल्या, थांब. आता न्हाई. दिलं तवा दारावर बोलावून दिलं, आता घेनार बी दारावर जाऊन. प्रणिता म्हणाली, काकू, गरज नाही, इथं बसून सगळ्यांचं बंद होतंय. काकूंनी पदर खोचला. "तुझ्या डब्याला गरज न्हाई. मला हाय."

साक्षीला मला ओढलं. "नांदेड, तुम्ही सरकारी मानूस हाव. बोलू नका, फक्त बघा." सुरुवात माझ्याच घरापासून केली. माझ्या घरातले झाडून सगळे फोन सुभद्रा निवासला जोडलेले निघाले. आमच्या सासूबाई गावाहून आठवडाभरासाठी आल्या होत्या, त्यांचाही. काकूंनी समोर उभं राहून प्रत्येकातून ते नाव काढायला लावलं. मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, माझं वाण परत द्या, फोन आना.

वाण परत? आमच्या भागात उसनी घेतलेली साखर परत मागतात, पोरीला दिलेला टीव्ही परत मागतात, वाण कुणी परत मागत नाही. तो अपशकुन. बायका खवळल्या. अध्यात्म कळणारी एक होती, ती पुढं होऊन म्हणाली, दिलेलं वाण परत घेतलं तर सौभाग्याला बाधा येते, काकू, तुमचं आता काय जायचंय.  अर्धापूरनं काकूंचा हात धरला.

काकू ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "परवा पोलिसाला तुम्हीच म्हन्ल्या, घेतलंच न्हाई. जे घेतलंच न्हाई ते परत देताना सौभाग्य कसं जातंय, तेवढं मला इस्कटून सांगा."

 घेतलं म्हणावं तर पोलिसापुढं खोटं बोलल्याचं निघतंय, नाही म्हणावं तर भांडायला तोंड नाही. एकेक फोन मुकाट्यानं बाहेर यायला लागला. माळकऱ्याकडे तीन निघाले.

चेअरमनच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा मागं निम्मी गल्ली होती. चेअरमन आरामखुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, आमची स्वतःची लाइन आहे, तुमच्या फुकटच्या नळाला आम्ही तोंड लावत नाही. पण चेअरमनबाई साध्या. आत जाऊन त्यांनी घरातलं होतं नव्हतं ते सगळं ताटात घालून आणलं, ओटी भरायला आणतात तसं. त्यांचा फोन, नणंदेचा फोन, आणि रोहितला अभ्यासाला घेऊन दिलेला टॅब. म्हणाल्या, "काकू, आमच्या फोनवर नाही दिसत तुमचं नाव. ह्या टॅबवर मात्र दिसतंय बघा. कसं काढायचं?"

प्रणितानं टॅब हातात घेतला. घरातली वेगवान लाइन सोडून तो टॅब समोरच्या सुभद्रा निवासला जोडलेला होता. तो एकटाच.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या बायकांपैकी एकीनं तोंडावर पदर घेतला. आतल्या खोलीचं दार हळूच लागलं. चेअरमन मात्र आता उठले आणि टॅबकडे हात केला. काकूंनी तो टॅब प्रणिताच्या हातातून घेऊन परत ताटात ठेवला आणि ताट बाईंच्या हातात तसंच राहू दिलं. "ह्याला आता कुनी हात लावायचा न्हाई. पोलीस येऊन घेतील. बाई, तुम्ही धरून उभ्या ऱ्हावा." आणि त्या माउलीनं, नवरा अंगावर खेकसत असताना, पोलीस येईपर्यंत ते ताट खाली ठेवलं नाही. कॉलनीत त्या दिवशी जर कुणी माणूस असेल तर ती होती.

टॅबमध्ये ते खातं सापडलं. आता तुम्हाला वाटेल, कॉलनीनं पोरीची माफी मागितली असेल. अहो, कॉलनी म्हणजे काय, लातुरातला नळ आहे काय, की कधीतरी का होईना पाणी येईल? दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ काकूंकडे आलं. पोरगा चुकला. वय असतं. मिटवून टाका. चेअरमन स्वतः आले, पहिल्यांदाच चपला बाहेर काढून. म्हणाले, "काकू, मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आन हिच्या?" काकू म्हणाल्या.

एवढंच. पुढं त्या जे बोलल्या ते कानडीत होतं, आणि बराच वेळ होतं. चेअरमन एका पायात चप्पल घालून गेले. तक्रार मागं घेतली नाही. तो खटला अजून रखडतोय, चेअरमन अजून चेअरमन आहेत, आणि फ्लेक्सवरचा रोहित 'भावी डॉक्टर'वरून 'युवा नेतृत्व' झालाय. कॉलनीत आजही विचारा, सांगतील, ती बाई कजाग, तिनं दिलेलं वाण परत घेतलं. वाणाचं आठवतं. पोरीचं कुणाला आठवत नाही. हे ऐकलं की माझा गिलावा आता मीच ओरडून पाडतो.

रविवारी माधवराव आले. त्यांना सगळं सांगितलं, सिद्ध झालं, पोरगी निर्दोष आहे. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, हे सगळं खरं हाय, पर गावात नाव निघालं ते निघालं. लग्न करून टाकतो.  पोरगी बॅग उचलून रिक्षात बसली. काकू घरात गेल्या, मला वाटलं रडायला गेल्या. त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या, किल्ल्यांचा जुडगा माझ्या अंगावर फेकला आणि रिक्षात माधवरावांना म्हणाल्या, सरका.

पुढचं मला बायकोच्या मावसबहिणीकडून कळलं, ती अर्धापुरात दिली आहे. काकू माधवरावांच्या ओसरीत जाऊन बसल्या. पाहुणे म्हणून चहा आला तो प्यायल्या, जेवण आलं ते जेवल्या, आणि उठल्या नाहीत. पोरगी बघायला स्थळ आलं की त्यालाही तिथूनच सगळी हकिगत सांगायच्या, टॅबपासून. स्थळं परतायला लागली. गावात कुजबूज होती ती काकूंनी मोठ्यानं करून टाकली, तशी तिच्यातली गंमत गेली. शेवटी माधवराव थकले. लातूरला नाही पाठवणार, म्हणाले. काकू म्हणाल्या, नांदेड हाय की, ट्यूशन तिथं बी हायती, मी संगं ऱ्हाते. लातूरचं घर त्यांनी तसंच बंद ठेवलं, वरच्या पोरींची सोय दुसरीकडे लावून.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मेमधल्या एका रविवारी, नांदेडात. भावाच्या पोराला त्याच डॉक्टरकीच्या परीक्षेला सोडायला मी एका कॉलेजच्या गेटाशी आलो होतो. ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या. पोरं आत गेली होती आणि आईबाप कंपाउंडच्या बाहेर जिथं सावलीचा तुकडा मिळेल तिथं बसले होते. त्यात एका कडुलिंबाखाली एकाच सतरंजीच्या दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून काकू आणि माधवराव बसलेले. मधे पाण्याची बाटली. 

मी हाक मारणार, तेवढ्यात गेटावरचा शिपाई आला. इथं फक्त आईवडिलांनी थांबायचं, बाकीच्यांनी रस्त्यापलीकडे जावं, असं काहीतरी त्याला वरून सांगितलेलं असावं. त्यानं काकूंना विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण.

काकूंनी तोंड उघडायच्या आत माधवराव म्हणाले, "असू द्या भाऊ. आमच्याच हायती."

काकूंनी मान वळवली. त्या माणसाकडे त्यांनी असं पाहिलं की मी दहा पावलं लांब उभा असून एक पाऊल मागं सरकलो.

"तुमची कोन म्हन्तंय? मी तिची हाय."

 माधवरावांनी बाटली उचलून काकूंच्या बाजूला सरकवली. काकू घोटभर पाणी प्यायल्या, त्यांनी तोंड पुसलं आणि आईबाप बाहेर घामानं भिजत असताना गेटाशी साधा मांडव घालायची अक्कल कुणाला का नाही, हे त्या शिपायाला सांगायला लागल्या. तो बिचारा टोपी काढून ऐकत उभा राहिला. मी हाक मारली नाही. तसाच उन्हात थांबून ऐकत राहिलो.